चपट्या खोक्यातले कपाट



हल्ली गावोगाव एक नवाच पाहुणा येऊ लागला आहे. टेम्पोतून एक चपटे खोके उतरते, दोघे जण ते ओसरीवर आणून ठेवतात. पाहणाऱ्याला वाटावे, आरसा आला असेल. निघते मात्र कपाट! फळ्या, लाकडी खुंट्या, स्क्रूंची पुडी, एक वाकडी षट्कोनी किल्ली आणि चित्रांचा कागद. सुताराची वाट पाहायची नाही, आपणच जोडायचे.

कल्पना तशी आपल्याला परकी नाही. बाजेचे खूर आणि गाती सुटी करून खळ्यावर नेणारी माणसे आपल्याकडे होतीच. तिचा जगभर व्यापार केला तो स्वीडनमधल्या आयकिया कंपनीने. ही कंपनी 1943 साली निघाली आणि 1956 च्या सुमारास सुटे भाग करून सामान विकू लागली. गिलिस लुंडग्रेन या तिच्या आरेखकाला एक टेबल मोटारीत मावेना, तेव्हा त्याने त्याचे पायच काढून ठेवले, अशी हकीकत ती कंपनी सांगते. नवी मुंबईत तिचे दुकान डिसेंबर 2020 मध्ये उघडले. पण तसली खोकी आता इतरही पुष्कळ जण विकतात.

आता गोष्ट अशी, की हे कपाट साऱ्या जगासाठी एकाच मापाने केलेले असते. ते तुमच्या घराला किंवा तुमच्या शाळेच्या वर्गाला बेतून घ्यायचे काम तुमचे. आणि ते जमण्यासारखे आहे, फक्त एक ध्यानात ठेवा: हे बहुधा लाकूड नव्हे. लाकडाच्या चिपा आणि भुसा डिंकात मळून, दाबून केलेला तो तक्ता असतो. वरून शिसवी दिसेल, आत भुसाच. म्हणूनच तो स्वस्त.

या तक्त्याचे पहिले वैर पाण्याशी. आपल्याकडे फरशी रोज पुसायची, सणाला धुवायची. कुठे जमीन सारवायची. तक्त्याची उघडी कड पाणी पिते, फुगते, आणि फुगलेली कड पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. तेव्हा कपाट जमिनीवर ठेवू नका. खऱ्या लाकडाची चार इंच उंच बैठक सुताराकडून करून घ्या आणि त्यावर बसवा. खालून केरसुणी फिरते, वाळवी लागली तर वेळेवर दिसते. कुठे करवत चालवलीत, तर ती कड ऑइल पेंटचे दोन हात देऊन बंद करा. कापताना अंगणात कापा, आणि तोंडाला फडके बांधा. तो भुसा छातीला चांगला नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना फळ्यांविषयी थोडे अधिक सांगतो. पुस्तकांनी फळी मधोमध वाकते, हे तुम्ही पाहिले असेल. फळी जाड करावी, असे आपल्याला आधी सुचते. जाडी दुप्पट केली तर वाक आठवा भाग उरतो, हे खरे. पण टेकूंमधले अंतर निम्मे केले आणि पुस्तके तशीच ओळीने ठेवली, तर वाक सोळावा भागच राहतो! म्हणजे मधोमध एक उभी पट्टी ठोकणे स्वस्तही आणि सरसही. मात्र ती पट्टी प्रत्येक कप्प्यात एकाखाली एक यावी, नाहीतर वरचा भार खालच्या फळीवर बसेल. सातवी-आठवीच्या मुलांकडून दोरी आणि मोजपट्टीने हा वाक मोजून घ्या. गणिताचा एक तास कसा गेला, ते त्यांना कळणारही नाही.

मुले सतरंजीवर बसून लिहितात ना? मग उंच टेबलाचे पाय कापून बैठे मेज करता येते. मूल मांडी घालून बसवा, कोपरापर्यंतची उंची घ्या, आणि पाय खालच्या टोकाकडून कापा. वरच्या टोकाला स्क्रू असतो. आधी पाय वाजवून पाहा. काही हलक्या टेबलांचे पाय पोकळ असतात. तसे असल्यास कापल्यावर आत लाकडाचा ठोकळा गोंद लावून बसवा, म्हणजे टोक चेपणार नाही.

रंगाचे थोडक्यात. गुळगुळीत पृष्ठावर रंग धरत नाही. बारीक पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासा, पुसा, प्रायमर द्या, मग रंगाचे दोन पातळ हात. दाराच्या जागी मला स्वतःला बुरुडाने विणलेली बांबूची तट्टी चौकटीत बसवलेली आवडते. आत हवा खेळते, कपड्यांना कुबट वास येत नाही, आणि चार पैसे गावात राहतात.

एखादा स्क्रू सैल होऊन भोक मोठे झाले, तर काडेपेटीच्या दोन-तीन काड्या गोंदात बुडवून आत घाला, एक रात्र वाळू द्या, मग पिळा. पाठीचा पातळ पत्रा शोभेचा समजून टाकून देणारे लोक आहेत. तसे करू नका. त्याच्यामुळेच कपाट तिरके होत नाही. तो ठोकण्याआधी दोन्ही कर्ण दोरीने मोजा. सारखे भरले म्हणजे काटकोन साधला.

आता सर्वांत महत्त्वाचे. ही कपाटे हलकी असतात. मूल खणाच्या पायऱ्या करून चढते आणि कपाट अंगावर येते. असे अपघात होऊन मुले दगावली, म्हणून 2016 साली अमेरिकेत आयकियाने खणांची सुमारे 2 कोटी 90 लाख कपाटे परत बोलावली. तेव्हा भिंतीला बांधण्याची पट्टी पुडीत आली असेल तर ती फेकू नका. नसेल तर लोखंडी कोन विकत आणा. विटांच्या पक्क्या भिंतीत गिट्टी बसवून स्क्रू धरतो. मातीच्या भिंतीत तो धरत नाही, गिलाव्यासकट बाहेर येतो. तिथे घराच्या दोन खांबांना आडवी लाकडी पट्टी ठोका आणि कपाट तिला जखडा. जड वस्तू खालच्या कप्प्यात ठेवा. पट्टी बसली, की भरण्याआधी वरची कड धरून कपाट स्वतः पुढे ओढून पाहा. हलले, तर त्या दिवशी आत काही ठेवू नका.