घरापासून मंडईपर्यंत

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या नियोजित वसाहतीविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आहे. आम्ही नगररचनेचे शास्त्र शिकलेलो नाही. मॅट्रिकनंतर हाती खडू घेतला तो निवृत्त होईपर्यंत. मात्र मुले शाळेत कशी येतात, हे आम्ही शाळेच्या फाटकाशी उभे राहून पुष्कळ वर्षे पाहिले आहे. आरंभी बहुतेक मुले चालत येत. वाटेत भांडत, चिंचा चोखीत, पण घंटेच्या आत पोहोचत. अखेरच्या वर्षांत फाटकापाशी गाड्यांची अशी दाटी होई, की पायी येणाऱ्या मुलालाच आत शिरणे कठीण व्हावे.

आपल्यापुढे दोन जागा आहेत. एक बाह्यवळण रस्त्यापलीकडची, विस्तीर्ण व स्वस्त. दुसरी पुणे शहरातच, लहान आणि महाग. गृहनिर्माण समितीच्या टिपणात दोन्हींचा चौरस फुटाचा भाव दिला आहे. शाळा, भाजी, दूध, दवाखाना किती अंतरावर आहेत, याचा रकानाच त्यात नाही. तो रकाना आधी भरावा आणि मग मतदान घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.

पुणेकरांस हा विचार परका नाही. जुन्या पेठेत वाडा, देऊळ, तालीम, वाण्याचे दुकान आणि कात्रजच्या पाण्याचा हौद हाकेच्या अंतरावर असे. अर्थात त्या बोळांचे आंधळे कौतुक आम्ही करणार नाही. १८९७ च्या प्लेगने तेथील कोंदट दाटीची किंमत वसूल केली. शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरणारा भाजीबाजार १८८६ मध्ये रे मार्केटच्या नव्या इमारतीत आला. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या खर्चास विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे मत होते. पुढे त्याच इमारतीस त्यांचे नाव देण्यात आले! शिक्षक या नात्याने आमचे मत त्यांच्या बाजूने पडते. पण त्या मंडईत पिशवी घेऊन चालत जाणाऱ्या पिढ्यांचे ऋणही नाकारता येत नाही.

पाश्चात्त्यांनीही हाच हिशेब मांडला आहे. १९२९ मध्ये क्लॅरेन्स पेरी या अमेरिकन गृहस्थांनी वस्तीचे माप प्राथमिक शाळेवरून ठरवले. पाच-सहा हजार लोक, मध्ये शाळा, शाळेपर्यंत सुमारे पाव मैल चाल, आणि कोणाही मुलास मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, अशी ती योजना. आपल्याकडे चंडीगडचा सेक्टर ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब आखला गेला आणि त्यातून बाजाराचा रस्ता काढला गेला. पॅरिसमध्ये कार्लोस मोरेनो या प्राध्यापकांनी ‘पंधरा मिनिटांचे शहर’ ही कल्पना मांडली आणि २०२० च्या निवडणुकीत तेथील महापौर ॲन हिदाल्गो यांनी तिचा पुरस्कार केला.

धडधाकट माणूस पंधरा मिनिटांत किलोमीटरभर चालतो. हातात भाजीची पिशवी असलेल्या आजीबाई निम्म्या अंतरावर टेकायला कट्टा शोधतात. तेव्हा मोजमाप आजीबाईंच्या पावलांनी करावे. नकाशावरचे अंतरही फसवे असते. पदपथावर निदान १.८ मीटर मोकळी वाट असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मार्गदर्शन आहे. प्रत्यक्षात तेथे दुचाक्या, विजेच्या पेट्या आणि फरशांचे ढीग असतात.

आम्ही दोन्ही जागा पायी हिंडून पाहिल्या. शहरातील जागेपासून शाळा अकरा मिनिटांवर, भाजी सहा मिनिटांवर, दवाखाना त्याच रस्त्यावर. पलीकडच्या जागेहून पहिले किराणा दुकान गाठण्यास आम्हांस चाळीस मिनिटे लागली, आणि मधला हमरस्ता ओलांडण्यास कोणाचा तरी हात धरावा लागला. हा हात आम्हांस एका ट्रकवाल्याने दिला, हे कृतज्ञतेने नमूद करतो.

स्वस्त जागेत घर मोठे मिळेल, हा आक्षेप खरा आहे. तरुण जोडप्यांस एक खोली अधिक मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्या खोलीबरोबर घरटी दोन वाहने, त्यांचे हप्ते आणि पेट्रोलही येते. आणि वाहन न चालवणारी सासूबाई दिवसभर चौथ्या मजल्यावर सुनेच्या परतीची वाट पाहत बसते, तिचा खर्च कोणत्या वहीत मांडावयाचा?

ज्ञातींनी घरे बांधण्याचा प्रघात जुना आहे. मुंबईस गावदेवी येथे श्रीपाद सुब्बराव तळमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत गृहनिर्माण सहकारी संस्था १९१५ मध्ये नोंदली गेली. ती वसाहत शहराच्या ऐन वस्तीत, ग्रँट रोड स्थानकापासून पायी जाता येईल अशा ठिकाणी उभी राहिली.

आणखी एक गोष्ट थोडी स्पष्ट बोलतो. आराखड्यात तळमजल्यावर केवळ वाहनतळ दाखवला आहे, आणि फाटकाच्या आत ‘बाहेरचे’ कोणी नको, असा आग्रह काही सभासदांनी धरला आहे. वाणी, इस्त्रीवाला, न्हावी, दूध घालणारे, धुणीभांडी करणाऱ्या बाया ही मंडळी आपल्या ज्ञातीची नाहीत. त्यांना गाळा आणि वावरण्यास मोकळीक दिली नाही, तर शहरातल्या जागेतही सुईदोऱ्यासाठी रिक्षा करावी लागेल. रस्त्याकडेला चार-सहा गाळे ठेवावेत, भिंतीला पादचाऱ्यांसाठी दुसरे दार काढावे, आणि गाळे कोणासही भाड्याने द्यावेत, असा ठराव आम्ही सर्वसाधारण सभेपुढे मांडणार आहोत.

तत्पूर्वीच्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही शहरातील जागेच्या फाटकाशी उभे असू. तेथून शाळा, मंडई व दवाखाना असे चालत जावयाचे आहे. पुढच्या रविवारी पलीकडच्या जागेवर तसेच करू. समितीच्या सभासदांनी अवश्य यावे. येताना घरातील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान व्यक्तीस बरोबर आणावे. घड्याळ आम्ही आणू.