खोपा कोणाचा?



पावसाळ्यात विहिरीवर वाकलेल्या बाभळीला लोंबणारे खोपे आपल्या नांदगावच्या शिवारात कोणी पाहिले नाहीत? ते विणणाऱ्या पाखराला आपण सुगरण म्हणतो आणि घरकामात तरबेज अशी गृहिणी डोळ्यांपुढे आणतो. आमची तक्रार आहे ती या नावाबद्दलच.

सन १९३० च्या पावसाळ्यात सलीम अली यांनी अलिबागजवळ किहीम येथे सुगरणींच्या वसाहतीवर पाळत ठेवली. त्या वेळी त्यांना नोकरी नव्हती, वेळ मुबलक होता. (बेकारी सर्वांनाच अशी फळते असे नाही!) त्यांना दिसले ते असे, की विणकाम नराचे. पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडावयाची, कड धरून उडावयाचे, की लांब धागा सुटून येतो. अशा शेकडो फेऱ्या. खोपा निम्मा, पालथ्या टोपीसारखा झाला, की माद्या पाहणीला येतात. आत शिरून ओढून-ताणून पाहतात. एखादीस पसंत पडला तर ती बिऱ्हाड करते आणि मगच नर खालची नळी विणून काम पुरे करतो. नापसंत खोपे अर्धवटच लोंबत राहतात. मादी अंड्यांवर बसली, की गृहस्थ शेजारी दुसरा खोपा विणावयास मोकळे! पिलांचा भार बहुतेक तिच्यावर. तेव्हा कारागीर तो आणि पारख तिची, असे म्हणणे न्यायाचे.

आफ्रिकेच्या पाणथळीत हॅमरकॉप, म्हणजे हातोडीडोक्या, नावाचा तपकिरी पक्षी आहे. आकाराने गायबगळ्याहून थोडाच मोठा. पण काटक्यांचे घरटे दीड मीटर रुंद, वर माणूस उभा राहिला तरी न खचणारे, दार चिखलाने लिंपलेले. तेथे नवराबायको दोघेही राबतात. अंडी घालावयाची असोत वा नसोत, वर्षाला तीन-चार घरटी सहज बांधतात. रिकामी पडलेली घुबडे बळकावतात. कित्येक ठिकाणी हे पाखरू अशुभ समजतात, म्हणून घरट्याला कोणी हात लावीत नाही.

आपल्या सुगरणीला असे भयाचे कवच नाही. तिला पाण्यावर झुकलेले काटेरी झाड हवे, पाती हवीत, दाणा हवा. धुऱ्यावरच्या बाभळी तुटल्या, ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. गळून पडलेला खोपा पोरांनी खुंटीला टांगावा, त्यात आम्हांला गैर दिसत नाही. झाडावरचा मात्र दिवाळी उलटेपर्यंत तोडू नये. आत पिले असतात.