अजंता नावाची मुलगी

सिल्लोड तालुक्यातल्या अजिंठा गावावरून डोंगरातल्या लेण्यांना नाव पडले. १८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तिथे पोचला. पुढे इंग्रजी लिखाणात अजिंठ्याचे ‘अजंता’ झाले, अन् तेच मुलीचे नाव म्हणून रुजले. अर्थ म्हणाल तर लेण्यांचाच. नाव ऐकले की भिंतीवरची चित्रे डोळ्यांपुढे येतात. आपल्याकडे हे नाव विरळाच! तिकडे आसामात मात्र २०२१ साली अर्थमंत्री झालेल्या बाई अजंता निओग. गंमत पाहा, श्रीलंकेचा गोलंदाज अजंता मेंडिस, म्हणजे तिथे ते पुरुषाचे! तेव्हा गुरुजी, एखादी अजंता शाळेत आली, तर पटावर ‘अजिंठा’ अशी दुरुस्ती करू नका. दाखल्यात फरक पडला की पुढे पोरीलाच कचेरीचे खेटे घालावे लागतात.