बाबासाहेब हरले, तेव्हा काय झालं?

दादरच्या हिंदू कॉलनीतलं ‘राजगृह’ तुम्ही पाहिलं असेल. बाबासाहेबांचं घर. ज्यांनी घटना घडवली, ते बाबासाहेब पहिल्याच लोकसभा निवडणुकीत हरले. तेही याच मुंबईत. आजचा एपिसोड त्या पराभवाबद्दल.

आधी तेव्हाचा देश बघा. फाळणीला जेमतेम चार वर्षं झालेली. मतदार सतरा कोटींवर, आणि १९५१ च्या जनगणनेत साक्षरता फक्त १८ टक्के. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. कित्येक बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही, ‘अमक्याची बायको’ एवढंच सांगितलं. अशी सुमारे २८ लाख नावं यादीतून गेली. म्हणजे सिस्टीममध्ये बग होतेच.

जानेवारी १९५२. मुंबई शहर उत्तर मतदारसंघ. इथून दोन खासदार निवडायचे होते, त्यातली एक जागा राखीव. प्रत्येकाला दोन मतं, पण दोन्ही एकाच उमेदवाराला द्यायची नाहीत. बाबासाहेब काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून साधारण साडेचौदा हजार मतांनी हरले. आणि बाद झालेली मतं किती? ७४,३३३!

आता विचार करा. केवढा मोठा नेता, केवढे चिडलेले कार्यकर्ते. रस्त्यावर काहीही होऊ शकलं असतं. पण बाबासाहेब आणि अशोक मेहता निवडणूक न्यायाधिकरणाकडे गेले. मतं मुद्दाम वाया घालवायचा प्रचार झाला, असा त्यांचा आरोप होता. अर्ज फेटाळला गेला. बाबासाहेब मुंबईतूनच राज्यसभेवर गेले, आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला पुन्हा उभे राहिले. तिथेही हरले.

याच्या उलट २००७ चं केनिया. तिथल्या विरोधकांचा कोर्टावर विश्वासच नव्हता, ते गेलेच नाहीत. दंगलींत हजाराहून जास्त माणसं मेली. त्याच केनियात २०१७ मध्ये विरोधक सुप्रीम कोर्टात गेले, आणि कोर्टाने राष्ट्राध्यक्षांची निवडणूकच रद्द केली.

मला वाटतं, निवडणूक खरी की खोटी हे जिंकलेल्याला विचारून उपयोग नाही. तो खूशच असतो. हरलेल्याला विचारा: तुझी तक्रार ऐकणारं कुणी आहे का? पुढच्या वेळी तू उभा राहशील का?

बाबासाहेबांना न्याय मिळाला की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण दार ठोठवायला जागा होती, आणि त्यांनी ती वापरली. आज हरलेल्याला त्या दाराचा तेवढाच भरवसा वाटतो का? तुम्हीच सांगा. भेटू पुढच्या भागात!