घरी शिकणारी मुले आणि कागदपत्रांचे जग
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचे लिखित रूप)



महाराष्ट्रात शिकलेल्या बहुतेकांच्या घरी, कपाटाच्या वरच्या खणात, एक कागद जपून ठेवलेला असतो. तो म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव, आईचे नाव, धर्म, जात, मातृभाषा, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख, अभ्यासातील प्रगती, वर्तणूक, शाळा सोडतानाची इयत्ता व कारण इतका मजकूर त्या एका पानावर मावतो. शाळेने काय शिकवावे यावर पुष्कळ चर्चा होते. परंतु शाळा मुलाच्या वतीने समाजापुढे साक्षही देत असते, याचा विचार क्वचितच होतो.

मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणारी कुटुंबे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आता नवलाईची राहिलेली नाहीत. त्यांच्या शिक्षणपद्धतीचे गुणदोष हा स्वतंत्र विषय आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय त्याहून लहान, पण रोजच्या व्यवहारातला आहे: शाळेची साक्ष ज्यांच्यापाशी नाही, त्यांनी ती कोठून उभी करावी?

एक चित्र डोळ्यासमोर आणावे. कधीही शाळेत न गेलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आईबरोबर कनिष्ठ महाविद्यालयाच्या खिडकीशी उभी आहे. लिपिक विचारतो, “एल.सी. कुठे आहे?” मुलीचे वाचन दांडगे आहे, गणित उत्तम आहे; पण त्या प्रश्नाला तिच्या ज्ञानाने उत्तर देता येत नाही. लिपिक दुष्ट नाही. त्याच्यापुढे मुलगी नसून एक रकाना आहे आणि तो रिकामा आहे. त्या खिडकीशी मान खाली जाते ती मात्र मुलीची.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात घरच्या शिक्षणाला स्वतंत्र स्थान नाही. कलम १० मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य मानते, मात्र पालकांसाठी शिक्षेची तरतूद करत नाही. याच कायद्याचा एक आधार या कुटुंबांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सहा ते चौदा वयोगटातील मूल पुन्हा शाळेकडे वळले, तर कलम ४ प्रमाणे त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि कलम १४ प्रमाणे केवळ वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे संरक्षण आठवीपर्यंतचे आहे. त्यापुढे कागदाचे राज्य सुरू होते.

शाळेचा दाखला एकटाच जी कामे करतो, ती या मुलांच्या बाबतीत चार-पाच कागदांत वाटून द्यावी लागतात, हे एकदा उमगले की गोंधळ बराचसा निवळतो.

पहिले काम जन्मतारखेचे. त्यासाठी महापालिकेचा, नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला हवा आणि त्यावर मुलाचे नाव हवे. पुष्कळदा नोंद बारशाआधी होते व नावाची जागा कोरी राहते. ते नाव नोंदवण्यास जन्मनोंदणीपासून १५ वर्षांची मुदत असते. आधारपत्र आहे, मग जन्मदाखला कशाला, असे पालकांना वाटते. परंतु वय ठरवण्यासाठी आधारपत्र हा योग्य पुरावा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात-भरपाईच्या प्रकरणात म्हटले आणि त्यापेक्षा शाळेच्या दाखल्यावर विश्वास ठेवला. ज्याच्यापाशी शाळेचा दाखलाच नाही, त्याच्यासाठी जन्मदाखल्याचे मोल किती, हे यावरून कळावे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तर शाळाप्रवेश, पारपत्र, वाहनपरवाना, मतदारनोंदणी अशा सर्व ठिकाणी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा, अशी तरतूद कायद्यात झाली आहे.

दुसरे काम ओळखीचे. जन्मदाखला, आधारपत्र व पारपत्र यांवरील नाव अक्षरशः एक असावे. एका कागदावर ‘शहा’ आणि दुसऱ्यावर ‘शाह’, एकावर वडिलांचे नाव पूर्ण आणि दुसऱ्यावर केवळ आद्याक्षर, अशा किरकोळ फरकांपायी पुढे प्रतिज्ञापत्रे आणि राजपत्रातील नावबदल यांची दगदग मागे लागते. आधारपत्रातील बोटांचे ठसे वयाच्या पाचव्या व पंधराव्या वर्षी अद्ययावत करावे लागतात. शाळेत याची आठवण शिक्षक करून देतात, घरी ती पालकांनीच ठेवावयाची असते. जे मूल काही वर्षे शाळेत जाऊन मग घरी शिकू लागते, त्याच्या पालकांनी शाळा सोडतानाच दाखला घ्यावा आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नाव व जन्मतारीख तपासावी. शाळा सुटल्यावर त्या नोंदीत दुरुस्ती करणे फार कष्टाचे असते.

तिसरे काम धर्म व जात यांच्या नोंदीचे. या सभागृहाशी त्याचा जवळचा संबंध आहे. २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र सरकारने जैन समाजाला अल्पसंख्याक समुदाय म्हणून अधिसूचित केले. अल्पसंख्याक महाविद्यालयांतील राखीव जागा किंवा शिष्यवृत्ती यांसाठी अर्ज करताना शाळेच्या दाखल्यावरील धर्माची नोंद हा नेहमीचा आधार असतो. घरी शिकलेल्या मुलाजवळ ती नोंद नसते. म्हणून वडिलांचे, आत्या-काकांचे, आजोबांचे शाळेचे दाखले शोधून त्यांच्या साक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात. जातपडताळणीतही वडीलधाऱ्यांच्या शालेय नोंदी तपासल्या जातात. नातवाच्या शिक्षणाला आजोबांच्या चौथीच्या दाखल्याचा आधार मिळावा, यात एक वेगळेच समाधान आहे.

चौथे काम शिक्षणाच्या पातळीचे. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून स्थापन झालेली आणि २००२ पासून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था या नावाने ओळखली जाणारी संस्था येथे उपयोगी पडते. तिच्या माध्यमिक परीक्षेसाठी किमान वय १४ वर्षे आणि उच्च माध्यमिकसाठी १५ वर्षे आहे. माध्यमिक प्रवेशासाठी आठवीचे प्रमाणपत्र नसले, तरी तो अभ्यासक्रम पेलण्याइतके शिक्षण झाले असल्याचे विद्यार्थ्याचे स्वतःचे घोषणापत्र चालते. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. उत्तीर्ण झाल्यावर गुणपत्रिकेबरोबर स्थलांतर प्रमाणपत्रही मिळते. ते खिडकीवरच्या ‘एल.सी. कुठे आहे’ या प्रश्नाचे उत्तर होय. राज्य मंडळाच्या परीक्षेला सतरा नंबरचा अर्ज भरून खाजगीरीत्या बसण्याचा मार्गही आहे.

या परीक्षा टाळल्या तर काय होते, याचे उदाहरण मुंबईच्या मालविका राज जोशी हिचे. सातवीनंतर तिने शाळा सोडली, संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदके मिळवली आणि २०१६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत प्रवेश मिळवला. देशातील आय.आय.टी.चे दार मात्र बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने तिला बंद होते. ही कथा अभिमानाने सांगितली जाते, ते योग्यच आहे. परंतु प्रत्येक मुलाला पदके मिळत नाहीत. बारावीचे प्रमाणपत्र बहुतेकांना मिळवता येते.

पाचवे काम प्रगती आणि वर्तणुकीचे. येथे पालकांनी स्वतःच लेखनिक व्हावयाचे असते. व्यापारी घरात रोजकीर्द जशी त्याच दिवशी लिहिली जाते, तशी शिक्षणाची वही ठेवावी. वाचलेली पुस्तके, सोडवलेली गणिते, भेट दिलेली स्थळे आणि शिकवणाऱ्यांची नावे तारखेसह लिहावीत. दरवर्षीच्या लेखनाचे दोन-चार नमुने जपावेत. संगीताच्या परीक्षा आणि क्रीडासंघटनांच्या स्पर्धा यांची प्रमाणपत्रे त्याच धारिकेत लावावीत. शिकवणाऱ्या गुरूंकडून अभिप्राय वेळच्या वेळी लिहून घ्यावा. परदेशातील पुष्कळ विद्यापीठे पालकांनी तयार केलेला असा तपशील विचारात घेतात. मात्र जे घडले नाही ते त्या वहीत लिहू नये. खोट्या नोंदीने एक खिडकी उघडेल, पण पुढच्या प्रत्येक खिडकीशी मुलाला ते असत्य सांभाळीत उभे राहावे लागेल.

कागद म्हणजे शिक्षण नव्हे, हे घरी शिकवणाऱ्या पालकांना सांगावे लागत नाही. त्याच विश्वासामुळे कागदाकडे त्यांचे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. निर्णय पालकांचा असतो आणि त्याची किंमत खिडकीशी मुलाला मोजावी लागते. म्हणून हे ओझे पालकांनी आधीच उचलावे. मघाची ती मुलगी पुन्हा त्याच खिडकीशी येईल, तेव्हा आईने धारिका उघडून एकेक कागद क्रमाने पुढे ठेवावा. लिपिक तो वाचील, शिक्का मारील आणि पुढच्या विद्यार्थ्याला हाक देईल. मुलगी ताठ मानेने आत जाईल आणि तिच्या घरात शाळा होती की नव्हती, याची चर्चा त्या खिडकीशी होणार नाही.