हजेरीच्या वहीत नुसतं 'गैरहजर' लिहू नका

हातातलं काम थांबवू नका. भाकरी थापत असाल तर थापत राहा, शेंगा फोडत असाल तर फोडत राहा. फक्त रेडिओचा आवाज थोडा वाढवा. आम्ही एका बचत गटाच्या बारा जणी. आज कर्जाच्या हप्त्याबद्दल किंवा पापड-लोणच्याच्या विक्रीबद्दल बोलणार नाही. आमच्या हातून झालेली एक चूक तुम्हाला सांगायची आहे. जिच्या बाबतीत ती झाली, ती आमच्यातच बसली आहे. तीच म्हणाली, "सांगा सगळं, फक्त नाव घेऊ नका."

आमच्या गटाचा नियम आहे, बैठकीला आली नाही तर दहा रुपये दंड. एका वर्षी आषाढात आमच्यातल्या एकीची आई गेली. दहावं-तेरावं झालं. श्रावणातल्या बैठकीला ती आली, पण कोपऱ्यात गप्प बसून राहिली. भाद्रपदात आलीच नाही. बचत पोराच्या हाती पाठवली. आम्ही पैसे मोजून घेतले, वहीत 'गैरहजर' लिहिलं आणि दंड लावला. आश्विनात तेच झालं. कोणी म्हणालं, "तिला आता गटाची गरज राहिली नाही." कोणी म्हणालं, "आई काय एकटीचीच जाते का?" आणि आम्ही बाकीच्या हसलो.

दिवाळीनंतर ती आपणहून सचिवताईच्या दारात आली. "माझी बचत लेकीच्या नावावर करता येईल का?" एवढंच विचारलं. ताईनं नियम सांगितला, की गटात नसलेल्या माणसाच्या नावावर बचत होत नाही. ती "बरं" म्हणाली आणि गेली. बरीभली बाई अचानक आपली आवराआवर का करते आहे, हे ना ताईला सुचलं, ना आम्हाला.

ते सुचलं आशाताईंना. त्या तापाच्या सर्वेक्षणाला घरोघर फिरत होत्या. सकाळचे अकरा वाजलेले, घरात चूल पेटलेली नव्हती, आणि ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. आशाताईंनी वही पिशवीत ठेवली, शेजारी बसल्या आणि विचारलं, "रात्री झोप लागते का गं?" या एका प्रश्नावर ती तासभर बोलली. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. घास तोंडात फिरतो. लेकराला जवळ घ्यावंसं वाटत नाही. आपण असून नसून सारखेच, मेलेलं बरं, असं रोज वाटतं.

त्या तीन महिन्यांत घरच्यांनी काही केलं नव्हतं, असं नाही. डोकं दुखतं म्हणून नवऱ्यानं दोनदा दवाखान्यात नेलं होतं, सलाईन लावून आणलं होतं. सासूनं देवऋषाकडून अंगारा आणला होता. सगळ्यांना ती आजारी दिसत होती. पण आजार मनाचा आहे, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, आणि तिलाही ते सांगता येत नव्हतं.

बायांनो, आपण मनाचं दुखणं अंगावरच बोलतो. "डोकं ठणकतं", "छातीत धडधडतं", "हातापायात गोळे येतात", "अंगात त्राण नाही". "मला उदास वाटतं" असं आपल्यातली कोण म्हणते? ही दुखणी खोटी नसतात. रक्त कमी असलं, थायरॉइडचा त्रास असला, तरीही असाच थकवा येतो. म्हणून आधी रक्त तपासून घ्यावं. पण तपासणीत काही निघालं नाही आणि दुखणं जातच नाही, तर "तुला काही झालेलं नाही, नाटक करतेस" असं म्हणू नये. तेव्हा मनाकडे बघावं.

मग साधं दुःख कुठलं आणि आजार कुठला, हे ओळखायचं कसं? डॉक्टरांनी आम्हाला एक ढोबळ माप सांगितलं, ते तुम्हीही पदरात बांधून घ्या. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसातला बहुतेक वेळ मन उदास आहे किंवा कशातच गोडी वाटत नाही. त्याबरोबर झोप, भूक बिघडली आहे, थकवा जात नाही, कामात लक्ष लागत नाही, सारखं वाटतं की चूक आपलीच आहे. आणि रोजची कामं होईनाशी झाली आहेत. असं असेल तर दवाखाना गाठायचा.

आई गेल्यावर दोन आठवड्यांत कोणी सावरत नाही, आणि सावरावं अशी घाईही कोणी करू नये. पण दुःखातलं माणूस मधेच नातवाच्या बोबड्या बोलावर हसतं, आईची आठवण सांगता सांगता दोन घास जास्त खातं. दुःख लाटेसारखं येतं आणि थोडं ओसरतं. आमच्या मैत्रिणीचं ते ओसरतच नव्हतं. आणि आईच्या आठवणीपेक्षा "मीच निकामी" हेच तिच्या डोक्यात घोळत होतं. मरणाचे विचार येऊ लागले, की मग कुठलंही माप लावत बसायचं नाही. दोन दिवस झाले असोत की दोन महिने, त्याच दिवशी मदत मागायची.

बाळंतिणीबद्दल वेगळं सांगायला हवं. बाळ झाल्यावर पहिल्या काही दिवसांत रडू येतं, चिडचिड होते. पुष्कळ जणींना होते, आणि आठ-पंधरा दिवसांत ती जाते. त्यापुढेही बाळंतीण रडतच असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, बाळ निजलं तरी तिला झोप लागत नसेल, तर हा आजार आहे. तिला "कसली आई तू" असं म्हणू नका. आणि ती भलतंसलतं बडबडू लागली, नाही ते दिसतं-ऐकू येतं म्हणू लागली, तर ती बाहेरची बाधा समजून थांबू नका. तिला आणि बाळाला एकटं न ठेवता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

आता दवाखान्यात काय होतं ते सांगतो, कारण भीती त्याचीच असते. वेड्यांच्या इस्पितळात टाकतील, विजेचा शॉक देतील, असं आम्हालाही वाटत होतं. आमच्यातल्या दोघी तिच्याबरोबर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तिथं केसपेपर काढायचा, बाकावर बसायचं, नंबर आला की आत जायचं, इतर विभागांसारखंच. डॉक्टरांनी झोप, भूक, कामाबद्दल विचारलं. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारलं. गोळ्या दिल्या आणि समुपदेशकाकडे पाठवलं. संध्याकाळच्या एसटीनं तिघी घरी आल्या. बायकांना एसटीत २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चही फार आला नाही.

गोळ्यांबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. उदासीच्या गोळीचा गुण डोकेदुखीच्या गोळीसारखा तासाभरात येत नाही. दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. आमची मैत्रीण आठव्या दिवशी म्हणाली, "काही उपयोग नाही, फेकून देते." शेजारणीनं तिला धरून ठेवलं. दुसरी गोष्ट, बरं वाटलं म्हणून मनानं गोळ्या बंद करायच्या नाहीत. डॉक्टर सांगतील तेव्हाच, सांगतील तशा कमी करायच्या. सगळ्यांनाच गोळ्या लागतात, असंही नाही. पुष्कळांना नुसत्या समुपदेशनानंही बरं वाटतं. देवाला जायचं तर खुशाल जा, मनाला धीर येतो. पण अंगारा लावला म्हणून गोळी चुकवू नका.

दवाखाना लांब असेल, किंवा घरी कळू द्यायचं नसेल, तर फोन आहे. सरकारची 'टेलि-मानस' नावाची सेवा २०२२ पासून सुरू आहे. नंबर लिहून घ्या: १४४१६. पुन्हा सांगतो, एक, चार, चार, एक, सहा. फोन फुकट लागतो, दिवसरात्र लागतो, आणि मराठीत बोलता येतं. स्वतःसाठी लावा, नाहीतर घरातल्या माणसासाठी काय करावं हे विचारायला लावा.

आणि एक बोलायलाच हवं. काही जणींच्या दुःखाचं कारण घरातच असतं. दारू, मारहाण, पैशाचा तगादा. मार खाणाऱ्या बाईला नुसती गोळी देऊन भागत नाही. तिच्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. जिवाला धोका असेल तर ११२ लावा.

कोणी बाई "आता जगण्यात राम नाही" म्हणाली, किंवा आमच्या मैत्रिणीसारखी आवराआवर करू लागली, तर काय करायचं? विचारायचं. "तुझ्या मनात जिवाचं काही बरंवाईट करायचं येतं का?" असं सरळ, हळू आवाजात विचारायचं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, असं होत नाही. उलट ओझं हलकं होतं. ती "हो" म्हणाली, तर तिला एकटीला सोडायचं नाही. शेतावरची फवारणीची औषधं घरात ठेवू नका. कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. कोणी काही करून घेतलंच, तर १०८ वर फोन करून तडक दवाखाना गाठा. पोलीस केसच्या भीतीनं घरात लपवून ठेवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला मोठ्या मानसिक ताणाखाली होतं असं धरलं जातं, आणि त्याला मदत देणं हे सरकारचं काम मानलं आहे.

आमच्या मैत्रिणीला बरं व्हायला चार-पाच महिने लागले. आम्ही तिला विचारलं, सगळ्यात जास्त आधार कशाचा वाटला? आम्हाला वाटलं, ती म्हणेल तुमच्या समजावण्याचा. कारण आम्ही पुष्कळ समजावलं होतं. "मन घट्ट कर", "लेकरांकडे बघ", "इतरांचं दुःख बघ". ती म्हणाली, "ते ऐकलं की मला आणखीच लाज वाटायची. पण तुमच्यातल्या दोघी आल्या, भांडी घासली, माझ्या केसांना तेल लावलं आणि काही न विचारता बसल्या. त्या दिवशी मी दोन घास खाल्ले."

बायांनो, रोजचं मन सांभाळायलाही हेच उपयोगी पडतं. वेळेवर दोन घास, रात्रीची झोप, सकाळचं ऊन अंगावर घेत थोडं चालणं, आणि जिच्यापुढे रडायची लाज वाटत नाही अशी एक तरी मैत्रीण. घरच्यांचं करता करता आपण शेवटी जेवतो, शेवटी निजतो, आणि आपलं दुखणंही शेवटी सांगतो. ते जरा आधी सांगायला शिकूया.

गटात आम्ही नियम बदलला आहे. एखादी सलग दोन बैठकांना आली नाही, तर तिसरीची वाट बघायची नाही. दोघींनी तिच्या घरी जायचं. दंडाची गोष्ट काढायची नाही. आधी "जेवलीस का?" विचारायचं, मग "झोप लागते का?"

तिचे दंडाचे वीस रुपये आम्ही परत द्यायला गेलो, तर तिनं घेतले नाहीत. म्हणाली, "ठेवा, कोणाच्या तरी एसटीच्या तिकिटाला होतील." आता गटाच्या पेटीत एक वेगळा डबा आहे. दवाखान्यात जाणारीला आणि तिच्या सोबतणीला त्यातून भाडं मिळतं. उरलेल्या दंडाचे पैसेही त्यातच जातात.

तुमची पुढची बैठक होईल तेव्हा हजेरीची वही उघडा आणि मागची दोन पानं बघा. कोणाच्या नावापुढे दोनदा 'गैरहजर' आहे? बैठक संपली की घरी परतताना तिच्या दारावरून जा.