ठाऊक असून सांगत नाही



तुमच्यातली काही मुलं जपानी शिकतात असं कळलं, म्हणून माझ्या जिव्हाळ्याचा विषय काढते. समोरच्याच्या बोलण्यात विसंगती दिसली, तर ती जपानीत कशी सांगायची?

विसंगतीला जपानी शब्द आहे 'मुजुन', म्हणजे भाला आणि ढाल. त्यामागची गोष्ट चीनमधली, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या 'हान फेइ झी' ग्रंथातली. चू राज्यातला एक विक्रेता ओरडत होता, माझी ढाल कशानंही भेदली जात नाही, माझा भाला काहीही भेदतो. एकानं विचारलं, तुझा भाला तुझ्याच ढालीवर मारला तर? विक्रेता गप्प. मला तो विचारणारा फार आवडतो. विक्रेत्याला खोटारडा न म्हणता त्यानं त्याचीच दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली.

जपानी बैठकीत आजही हेच चालतं. 'तुम्ही चुकलात' असं सहसा कुणी म्हणत नाही. 'त्सुजित्सुमा गा आवानाई' म्हणतात, मेळ बसत नाही. दोन साक्षी जुळेनात, तर 'कुइचिगाउ'. दोष माणसावर जात नाही, बोलण्यावर राहतो.

माणसावर ठेवायचा असेल, तर त्याचीही सोय आहे! 'शित्तेइरु केदो, इवानाई': ठाऊक आहे, पण सांगत नाही. नुसती माहिती. 'केदो' काढून 'नोनी' घाला: ठाऊक असूनसुद्धा सांगत नाही, आणि बोलणारा दुखावलाय. 'कुसेनी' घाला: ठाऊक असून सांगत नाही मेला! परीक्षेसाठी ही रूपं पाठ कराच, पण त्यांतला राग कानांनी ओळखायला शिका.

आपली मुलं अडतात ती साध्या 'केदो'पाशी. जपानी सहकारी म्हणतो, "आराखड्यातला आकडा वेगळा आहे, केदो..." आणि थांबतो. मुलांना वाटतं, वाक्य अर्धवट राहिलं. ती मान डोलावून पुढच्या विषयाकडे वळतात. हरकत मात्र तिथेच घेऊन झालेली असते, आणि उत्तराची वाट पाहिली जात असते. "काल तुम्ही वेगळं म्हणाला होतात, पण..." असं आपणही घरीदारी बोलतो, तेव्हा हे आपल्याला उमगायला हवं. म्हणून त्या 'केदो'नंतर कागद उघडा, दोन्ही आकडे मोठ्यानं वाचा आणि खरा कोणता ते त्याच बैठकीत ठरवा.